आधी नगर, मग टेंपल

बँकॉक

प्रिय आई-बाबा,

सलाम.

मिशन प्रेसिडेंटनी, म्हणजे तुमच्या मिशनच्या प्रमुखांनी, इथे बँकॉकच्या टेंपलला यायची परवानगी दिली हे वाचून बरं वाटलं. आपल्या लॅटर-डे सेंट्स चर्चच्या या मंदिरात आपल्या गेलेल्या माणसांच्या नावाने विधी करायचे, त्यासाठीच हा सगळा प्रवास. पण बाबा, तुम्ही लिहिलेला क्रम मला पटला नाही. तुम्ही म्हणता आधी टेंपलचा आठवडा, आणि परत जाताना जमलं तर नगरला आत्याकडे दोन दिवस. ते उलटं करा. गुरुवार ते शनिवार नगर, रविवारची सभा पुण्याच्या ब्रांचला (आपल्या चर्चच्या तिथल्या छोट्या मंडळीत), रात्री मुंबईहून विमान. सोमवारी टेंपल बंद असतं, तो दिवस माझ्याकडे झोपायला. मंगळवार ते शनिवार टेंपल.

कारण हिशेबाचं आहे. एंडाउमेंट म्हणजे शिकवण आणि करारांचा विधी, त्याच्या एका सत्रात एका माणसाला एकाच गेलेल्या माणसाचं नाव घेता येतं आणि सत्र दीड ते दोन तासांचं असतं. तुमचे गुडघे आणि आईची शुगर बघता दिवसाला दोनच सत्रं धरा. मंगळवार ते शुक्रवार मिळून बाबांची आठ, आईची आठ. म्हणजे आठ पुरुष आणि आठ बायका, सगळी आपल्याच रक्ताची, कागद पक्के केलेली हवीत. आत्ता आपल्याकडे नीट अशी पाच नावं आहेत. उरलेली आत्याच्या डोक्यात आहेत, आणि ती फोनवर सांगत नाही, तुम्हाला माहीत आहे.

परवानगीचंही तिथेच बघावं लागेल. गेलेलं माणूस गेल्या 110 वर्षांत जन्मलेलं असेल तर त्याच्या नवरा-बायकोपैकी हयात असलेल्याची, नाहीतर मुलांची, आईवडिलांची किंवा भावंडांची संमती हवी. मोठ्या काकांच्या बाबतीत काकू आहे, म्हणून तिला विचारायचं, तिच्या मुलांना परस्पर विचारून भागवायचं नाही. मृत्यूला 30 दिवस झालेले असले पाहिजेत, तो प्रश्न आपल्याकडे नाही.

आत्या सीएनआयची, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. ती म्हणणारच, "आमच्या आईचा बाप्तिस्मा झालाच होता की, परत कशाला?" तेव्हा बाबा, कृपा करून वाद घालू नका. आपण काय मानतो ते चार वाक्यांत सांगा: हे आजीच्या नावाने देऊन ठेवायचं, घ्यायचं की नाही हे तिचं तिनं ठरवायचं. एवढं ऐकूनही आत्या नको म्हणाली तर ते नाव वहीत राहू द्या, पुढे जाऊ नका. आणि तिच्या घरी पुस्तकं-पत्रकं घेऊन जाऊ नका. मिशनरी म्हणून बंगळूरला आहातच, आत्याकडे भाऊ आणि वहिनी म्हणून जा.

आपल्या चर्चमध्ये चहा चालत नाही, तेही आधीच फोनवर सांगून टाका. दारात पाऊल टाकल्यावर "आम्ही चहा घेत नाही" म्हटलं की अर्धा तास त्यातच जातो आणि तिला वाटतं आपण तिच्या घरचं नाकारतोय. आई, तू सरळ माग, "वन्सं, मला तुमच्या हातचं लिंबू सरबत हवं." दुपारी शिपी आमटी होईलच, तेव्हा बाबा पोटभर जेवले की सगळं विसरलं जातं.

आता विचारायचं कसं. "आजीला मुलं किती?" असं विचारलं की जगलेली मोजली जातात. "बाळंतपणं किती झाली?" असं विचार. आठ वर्षांच्या आत गेलेल्या मुलांसाठी बाप्तिस्मा लागत नाही, एंडाउमेंटही नाही, फक्त आईवडिलांशी सीलिंग, म्हणजे कुटुंब कायमचं जोडण्याचा विधी. पण ती मुलं कागदावर आली नाहीत तर तेही होत नाही. मृत जन्मलेल्या बाळांसाठी काही करायचं नसतं. तसंच पणजोबांची पहिली बायको. घरात तिचं नाव कुणी काढत नाही, पण ती होती. दोन्ही बायका लिहायच्या, दोघींचं सीलिंग होऊ शकतं. उलट बाजूनेही तेच, कुणा बाईचा पाट लागला असेल तर दोन्ही नवरे लिहा.

साल कुणालाच आठवत नाही, तेव्हा सालाऐवजी आठवणीला धरा. मानमोडीच्या साथीआधी की नंतर? ती साथ 1918 ची. पानशेत फुटलं तेव्हा मूल केवढं होतं? ते 1961. कोयनेचा भूकंप 1967, मोठा दुष्काळ 1972. "दुष्काळात ती सुकडी खायला रांगेत उभी असायची" म्हणजे तेव्हा सात-आठ वर्षांची, म्हणून जन्म सुमारे 1964. 'सुमारे' चालतं. गाव मात्र सुमारे चालत नाही. नुसतं पिंपळगाव लिहिलंत तर नगर जिल्ह्यातच अनेक पिंपळगावं आहेत, तालुका हवाच.

बायकांच्या नावात आपल्या लोकांची सगळ्यात मोठी गडबड होते. माहेरची ठकूबाई सासरी लक्ष्मीबाई होते, आणि फॅमिलीसर्चवर, आपल्या चर्चच्या वंशावळीच्या साइटवर, त्या दोन वेगळ्या बाया बनतात. मग एकीच्याच नावाने दोनदा काम होतं. मुख्य नाव माहेरचं, आडनाव माहेरचं. सासरचं नाव 'इतर नावं' मध्ये. पुरुषांच्या मधल्या जागी वडिलांचं नाव येतं, ते ठेवा, त्याच्यामुळेच एकाच आडनावाचे दोन यशवंत वेगळे ओळखता येतात. रोमन स्पेलिंग जुन्या कागदावर चार प्रकारचं असतं. नवीन माणूस घालण्याआधी प्रत्येक स्पेलिंगने एकदा शोधा. आणि देवनागरीतलं नावही सोबत भरा, पुढच्या पिढीला उच्चार तरी कळेल.

शुक्रवार कागदांसाठी ठेवा. जुन्या चर्चचं बाप्तिस्मा रजिस्टर पहिलं. अमेरिकन मराठी मिशन नगरला 1831 पासून आहे, त्यामुळे आपल्या लोकांच्या नोंदी सापडायची शक्यता बरीच. पाळकांना आदल्या दिवशी फोन करा, कपाटाची किल्ली भलत्याकडेच असते. पूर्ण पानाचा फोटो घ्या, नुसत्या ओळीचा नको. वरचा रकान्याचा मथळा कापला गेला की कुठलं नाव बापाचं आणि कुठलं साक्षीदाराचं ते घरी आल्यावर कळत नाही. दुसरं, तहसीलच्या अभिलेख कक्षातला गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक. जन्म-मृत्यू त्यात आहेत, पण अर्ज करून त्याच दिवशी मिळेल या भरवशावर राहू नका. तिसरं मी इथूनच करते: जमिनीचे जुने फेरफार 'आपले अभिलेख' या सरकारी साइटवर बघते. वारसाची नोंद असली की मुलगे, मुली, विधवा एका ओळीत मिळतात. मोडीतलं काही निघालं तर फोटो काढून ठेवा, वाचून घेऊ.

शनिवारी रात्रीपर्यंत नावं माझ्याकडे आली की रविवारी मी आरक्षित करून छापते. फोनवर नाव दिसतंय म्हणून निश्चिंत राहू नका, टेंपलमध्ये फोन बंद करून लॉकरमध्ये जातो. कागद हवा.

टेंपलचा क्रम असा लावला आहे. बाप्तिस्मा आणि दृढीकरण झाल्याशिवाय पुढचं काही घेता येत नाही, म्हणून मंगळवारी सकाळी तेच. बाबा, तुम्ही पाण्यात उतरू नका, फाँटच्या (बाप्तिस्म्याच्या हौदाच्या) पायऱ्या ओल्या असतात. पुरुषांची नावं जावई घेतील, बायकांची मी. तुम्ही दोघं साक्षीदार व्हा. मग त्याच दिवशी इनिशिएटरी, म्हणजे एंडाउमेंटआधीचा अभिषेकाचा विधी, आणि दुपारपासून एंडाउमेंट. पहिल्या दिवशी दोन सत्रं झाली नाहीत तर दोन नावं मागे राहतील, राहू द्या. ती पुढे कुणीही घेऊ शकतं. शनिवारी सीलिंग. त्याची वेळ वेगळी घ्यावी लागते, मी घेते. जोडप्यांसाठी तुम्ही दोघं, मुलींसाठी मी, मुलग्यांसाठी जावई. इंग्रजी हेडफोन हवेत हे वेळ घेतानाच सांगते, नाहीतर सत्र थाईत चालेल.

आई, आत शिरतानाच मदतनीसाला शुगरचं सांग आणि कडेची खुर्ची माग. मध्येच उठायची पाळी आली तर रांगेतून ओलांडत जावं लागत नाही. उपास करून यायचं नाही, तसं कुणी सांगितलेलं नाही. थायलंड आपल्यापेक्षा दीड तास पुढे आहे, म्हणजे तुझी सकाळी आठची गोळी इथे साडेनऊला. गोळ्या पाकिटातच ठेव, डब्यात सुट्या नको, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर.

टेंपलचे पांढरे कपडे, मोजे, सपाता हातातल्या बॅगेत. मोठी बॅग एक दिवस उशिरा आली तर साड्या माझ्या चालतील, ते कपडे कुठून आणू? रेकमेंडची, म्हणजे टेंपलमध्ये शिरायच्या परवानापत्राची, तारीख आज रात्रीच बघा. दोन वर्षं संपत आली असतील तर परत मुलाखत द्यावी लागते, आणि मिशन प्रेसिडेंट दौऱ्यावर असले की पंधरवडा सहज जातो. सही करायला विसरू नका. बाबांची मागच्या वेळची राहिली होती.

सुवर्णभूमीहून मक्कासानपर्यंत ट्रेन वीस-बावीस मिनिटांची. टेंपल न्यू फेचबुरी रोडवर, तिथून जवळच. सामान असेल म्हणून मी घ्यायला येते, टॅक्सीवाल्याशी बोलत बसू नका. बंगळूरचं टेंपल उघडलं की आपल्या गावाकडच्यांना हे सगळं एका रात्रीच्या गाडीवर येईल.

ता. क. दोघांच्या पासपोर्टच्या फोटोच्या पानाचे फोटो पाठवा. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड इथे पोचण्याच्या तीन दिवस आधीपासून भरता येतं, ते मीच भरते. त्याला पैसे पडत नाहीत. पैसे मागणारी कुठली साइट उघडली तर बंद करा. आणि आत्याकडून काकूचा पत्ता घ्या, माझ्याकडचा जुना आहे.

तुमची,
बेबी