पोच घेतल्याशिवाय न उठणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

कुणी आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, हे वस्तीवरच्या लहान पोरालाही माहीत आहे. तरीही लिहितोय, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. आम्हा पारध्यांबद्दल बातमी येते ती 'टोळी जेरबंद' अशी. पुढे कोर्टात माणसं निर्दोष सुटली तर त्याला दोन ओळींची जागा मिळत नाही. तुमचं सगळं काम त्या मधल्या काळातलं, कुणाचं लक्ष नसतानाचं. त्याची कुठेतरी नोंद असावी असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

ज्यांना आमचं मागचं ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १९११ नंतर सगळीकडे. माणसाने काय केलं हा प्रश्न त्यात नव्हताच, कुणाच्या पोटी जन्मला एवढं पुरे होतं. नाव नोंदवायचं, बोटांचे ठसे द्यायचे, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरला तारेच्या कुंपणाचं सेटलमेंट होतं. तिथल्या बायामाणसांनी गिरणीत राबायचं आणि हजेरीला परत कुंपणाच्या आत यायचं. हा कायदा देशातून पुरता गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी. मग १९५९ मध्ये आपल्याकडे सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. तो जमातीला नाही, व्यक्तीला लावायचा. पण पंचक्रोशीत घरफोडी झाली की पोलिसांची जीप पहिल्यांदा कुठे वळते, हे आम्हा पारध्यांना कायदा वाचून कळलेलं नाही.

एक गोष्ट मला अजून सहन होत नाही. जातीच्या दाखल्यासाठी आमच्याकडे १९५० च्या आधीचा वास्तव्याचा पुरावा मागतात. माझ्या पणज्याला रोज रात्री पाटलाकडे हजेरी द्यावी लागायची, आजी सांगायची. ज्या माणसाची सरकारने रोज रात्र मोजली, तो कुठे राहत होता हे सांगणारा एक कागद आज त्याच्या पणतवाकडे नाही. कागद कुणी लिहायचा आणि तो कुणाच्या कपाटात राहायचा, यावर आमचं किती अडलं होतं ते तुम्ही आल्यावर कळलं.

माझ्या भावाला उचललं त्या रात्री तुम्ही ठाण्यात आलात. ठाणे अंमलदार म्हणाले, "असा कुणी इथे आणलेलाच नाही." आई रडत होती, आम्ही दोघंतिघं ओरडत होतो. तुम्ही आवाज चढवला नाहीत. पिशवीतून कोरे कागद काढलेत, मध्ये कार्बन घातलात आणि बाकावर बसून अर्ज लिहिलात. कुणाला, किती वाजता, कुठून नेलं, गाडीचा नंबर काय, बरोबर कोण होतं. नंबर आमच्या पुतणीने सांगितला होता, तिला तेव्हा आकडेच तेवढे वाचता यायचे. मग अर्ज टेबलावर ठेवून म्हणालात, "पोच द्या, आणि स्टेशन डायरीला नोंद घ्या." त्यांनी नाही म्हटलं. तुम्ही परत बाकावर बसलात. नियंत्रण कक्षाला फोन केलात, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना केलात, आणि प्रत्येक फोननंतर त्याची वेळ कागदावर टिपलीत. उजाडायच्या सुमाराला भाऊ बाहेर आला. 'चौकशीला बोलावलं होतं' म्हणून सांगण्यात आलं. आम्हाला त्याला घरी न्यायची घाई, तुम्ही मात्र आधी सरकारी दवाखान्यात नेलंत आणि अंगावरचे वळ केसपेपरवर उतरवून घेतलेत. डॉक्टर नुसतं 'मुका मार' लिहीत होते. कुठे, केवढा, कुठल्या रंगाचा, हे सगळं लिहायला तुम्ही लावलंत.

त्या रात्रीसाठी आई तुम्हाला आजही देव मानते. माझं कृतज्ञ असणं त्याच्या पुढच्या गुरुवारसाठी आहे. अडचणीत मदतीला येणारी माणसं आम्ही आधीही पाहिली होती. मोर्चा निघतो, भाषणं होतात, निवेदन दिल्याचा फोटो निघतो आणि मग वस्तीवर पुन्हा आम्ही आणि जीप. तुम्ही गुरुवारी परत आलात, हातात दोनशे पानी वही घेऊन. वीज नव्हती. चुलीच्या उजेडात तुम्ही रकाने आखलेत. तारीख, वेळ, कोण आलं, नेमप्लेटवरचं नाव, गाडी, कारण काय सांगितलं, कुणाला नेलं, कधी सोडलं, पाहणाऱ्याची सही किंवा अंगठा. नियम तुम्हीच घालून दिलेत. त्याच दिवशी लिहायचं. पाहिलं त्याने लिहायचं, ऐकलं त्याने नाही. शिवी दिली असेल तर 'अपशब्द वापरले' असं नाही, दिली तशीच लिहायची. आणि कुणी नीट वागलं, म्हातारीला बसायला खुर्ची दिली, तर तेही लिहायचं, नाहीतर वहीला वजन राहत नाही. हा शेवटचा नियम तेव्हा आमच्या पोरांच्या पचनी पडला नव्हता. मार खाऊन आलेल्याने हवालदाराच्या चांगुलपणाची नोंद का ठेवावी? पण आज त्या वहीवर वकील विश्वास ठेवतात, एक-दोन अधिकारीही ठेवतात, ते त्या नियमामुळेच.

या वहीने काय केलं हे एका उदाहरणावरून सांगतो. आमच्यातल्या एका पोराचं नाव दुसऱ्या तालुक्यातल्या चोरीत गोवलं गेलं. चोरीच्या दिवशी तो जुन्या केसमधल्या जामिनाच्या अटीप्रमाणे ठाण्यात हजेरी लावून आला होता. तशी नोंद वहीत होती, वेळेसकट, शेजारी हजेरीच्या कागदाची झेरॉक्स चिकटवलेली. वकिलांनी ते कोर्टापुढे ठेवलं आणि त्याला जामीन मिळाला. आधी अशा वेळी आमच्याकडे शपथेशिवाय काही नसायचं, आणि पारध्याच्या शपथेला कोण विचारतो?

मे २०२० मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसांच्या हातून जीव गेला, तेव्हा शहरातल्या किती तरी मुलामुलींनी तुम्हाला फोन करून विचारलं होतं की इथे आम्हाला काय करता येईल. तुम्ही त्यांना टाळलं नाहीत, 'एवढी वर्षं कुठे होतात' असंही म्हणाला नाहीत. आम्हाला मात्र गोळा करून तुम्ही ती घटना नीट समजावून सांगितलीत. तिथल्या पोलिसांच्या पहिल्या पत्रकात त्या माणसाचा मृत्यू वैद्यकीय कारणाने झाल्यासारखंच लिहिलं होतं. मानेवर गुडघा होता हे जगाला कळलं, ते सतरा वर्षांची एक मुलगी रस्त्यावर मोबाइल धरून उभी राहिली म्हणून. आणि मग तुम्ही पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाच्या, पोलीस कोठडीत मेलेल्या बुधन शबरची गोष्ट सांगितलीत. फेब्रुवारी १९९८. तोही आमच्यासारखाच विमुक्त जमातीतला, म्हणजे त्या जुन्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतला. पोलीस म्हणाले गळफास घेतला. त्याच्या माणसांनी मृतदेह जाळला नाही, पुरून ठेवला, पुन्हा शवविच्छेदन व्हावं म्हणून. बंगाली लेखिका महाश्वेतादेवी त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या, प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं, सीबीआय चौकशीचा आणि भरपाईचा आदेश झाला. काळ्या माणसाचं आणि आपलं दुःख एकच आहे असं तुम्ही म्हणाला नाहीत. एवढंच म्हणालात, "पहिला कागद सगळीकडे तेच लिहितात. दुसरा आपण लिहायचा." मग त्या शहरातल्या मुलामुलींना कामं वाटून दिलीत. एकीला माहिती अधिकाराचे अर्ज, दोघांना वहीची पानं स्कॅन करायला, एकाला रात्रीच्या फोनची पाळी. त्यांतले बरेच जण काही महिन्यांत गळाले. तुम्ही नावं ठेवली नाहीत. जे उरले ते आजही आहेत, त्यांनाही हे पत्र पोचावं.

कायदा तुम्ही आम्हाला थोडा थोडा शिकवलात, लागेल तेवढा. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायला हवं. अटक केली तर नातेवाइकाला कळवायला हवं. अटकेच्या वेळी पोलिसांनी काय पाळायचं ते सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू निकाल १९९६ चा, त्यातला अटकेचा पंचनामा कसा असतो, त्यावर साक्षीदाराची सही कुठे हवी. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर उचलता येत नाही, अपवाद असला तरी महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते. ठाण्यात सीसीटीव्ही हवेत असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितलं, म्हणून फुटेज मागायचं आणि लवकर मागायचं. जुलै २०२४ ला फौजदारी कायद्याच्या नवीन संहिता आल्या, कलमांचे आकडे बदलले, तेव्हा तुम्ही रात्र जागून आमच्यासाठी नवा तक्ता हाताने लिहिलात. माझी चुलत बहीण सातवीत शाळा सोडलेली. ती आज अंमलदाराला कलम सांगते आणि तोही ऐकून घेतो.

तुमच्यावर काय काय आलं ते मी पाहिलंय. घरमालकाने खोली सोडायला लावली. नातलग म्हणाले, चोरांच्या नादी लागली. आमच्यातल्याच एकाने खरोखर चोरी केली तेव्हा तर सगळे तुम्हाला विचारत होते, आता काय म्हणता? तुम्ही तेव्हाही त्याच्यासाठी ठाण्यात गेलात. "चोरी केली असेल तर कोर्ट शिक्षा देईल. हाडं मोडायची शिक्षा कुठल्या कलमात आहे?" एवढंच बोललात. आणि त्याला त्याच्या बायकोसमोर असं काही सुनावलंत की तो मान वर करू शकला नाही. न्यायाची बाजू घ्यायला आम्ही निर्मळ असणं गरजेचं नाही, हे मला त्या दिवशी उमगलं. माझ्या मते तुमच्या सगळ्या कामातलं हे सर्वांत अवघड होतं, आणि याचे आभार कुणी मानले नसतील.

तुम्ही टिकलात कशा, हे मला लोक विचारतात. तुम्ही रागावर चालत नाही, हे मी त्यांना सांगतो. राग आहे, पण पाळ्या लावलेल्या आहेत. एकाच माणसाने लागोपाठ दोन रात्री ठाण्यात बसायचं नाही. रविवारी तुमचा फोन बंद, त्या दिवशी दुसऱ्याचा चालू. नवीन पोलीस निरीक्षक आले की पहिल्याच आठवड्यात जाऊन भेटायचं, नियमांचा कागद द्यायचा, पोच घ्यायची. बदली झाली की पुन्हा पहिल्यापासून. किती साहेब आले-गेले, तुमची भेट चुकली नाही. कंटाळा येत असणारच. तुम्ही कंटाळ्यालाही कामात धरलं होतंत, म्हणून तर वही कधी एकाच हातात राहू दिली नाहीत. आजारी पडलात तेव्हा लपवलं नाहीत, सरळ सांगितलंत की तीन महिने मी नाही. आम्ही घाबरलो होतो. त्या तीन महिन्यांत वस्तीवर दोनदा जीप आली आणि दोन्ही वेळच्या नोंदी पूर्ण आहेत, पोचेसकट.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांमधली जातीवरून कामं वाटणारी कलमं घटनाबाह्य ठरवली. विमुक्त जमातीत जन्मला म्हणून कैद्याला सराईत धरणंही चालणार नाही म्हणाले. सुकन्या शांता या पत्रकार बाईंनी ती याचिका केली होती. निकालाचा तो भाग तुम्ही वस्तीवर मोठ्याने वाचून दाखवलात, आणि आजीने मध्येच थांबवून विचारलं, "हे ठाण्यात माहितीये का?" त्याच आठवड्यात प्रत घेऊन आपण ठाण्यात गेलो. पोच माझ्याकडे आहे.

परभणीत वडार समाजातला, कायदा शिकणारा मुलगा डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या आईने हार मानली नाही, उच्च न्यायालयातून गुन्हा नोंदवायचा आदेश मिळवला. ते वाचलं त्या दिवशी मी तुम्हाला फोन केला होता आणि बोलता आलं नव्हतं. मला तेव्हा म्हणायचं होतं की मीही कायद्यालाच प्रवेश घेतोय, भीती वाटतेय, तरी घेतोय. आता पहिलं वर्ष पार पडलंय. फी शिष्यवृत्तीतून गेली, जातीचा दाखला मिळाला म्हणून. त्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात तुम्ही आणि आईने किती चकरा मारल्या ते ती मोजू शकत नाही, मीही नाही.

ताई, मनापासून आभार. भावासाठी, आईसाठी, ज्यांची नावं मी इथे लिहू शकत नाही त्या सगळ्यांसाठी.

गुरुवारची पाळी या महिन्यापासून बहिणीकडे आहे, रात्रीचा फोन माझ्याकडे. सीसीटीव्हीच्या अर्जावर पहिलं अपील दाखल केलंय, सुनावणीची तारीख आली की कळवतो. ३१ ऑगस्टला विमुक्त दिनाचा कार्यक्रम वस्तीवरच आहे. यंदा तुम्ही पाहुण्या म्हणून यायचं. मंडप, चहा, सतरंज्या सगळं पोरांनी वाटून घेतलंय. आजीला तुमच्याशी बोलायचंय, तिच्यासाठी दुपार मोकळी ठेवा.

तुमचा,
वस्तीवरचा एक विधी स्वयंसेवक