रविवारच्या इंग्रजी अभ्यासवर्गाबाबत सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या सभागृहात भरणाऱ्या इंग्रजी अभ्यासवर्गाचा विषय ‘वारशाचे जतन’ हा असून, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या १२ मराठा किल्ल्यांपैकी (११ महाराष्ट्रात, जिंजी तमिळनाडूत) स्वतः पाहिलेल्या एका किल्ल्यावर प्रत्येकाने इंग्रजीत सात-आठ वाक्ये लिहून आणावीत.

लिहिताना ‘कॉन्झर्वेशन’ आणि ‘रिस्टोरेशन’ या शब्दांत गल्लत करू नये. ढासळू लागलेला बुरूज आहे त्या स्थितीत सावरून धरणे हे पहिले, तर पडलेला भाग पूर्ववत उभारणे हे दुसरे. चुन्यात बांधलेल्या जुन्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट भरले, तर आत मुरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरत नाही आणि दगडच झिजू लागतो. एवढी एक गोष्ट जरी गडावर भेटलेल्या परदेशी पाहुण्याला नीट समजावून देता आली, तरी वर्गाचे सार्थक झाले असे मी मानेन. ‘माची’सारखा शब्द मात्र तसाच ठेवावा आणि त्याचा अर्थ पुढच्या वाक्यात सांगावा.

निसर्गाविषयी लिहू इच्छिणाऱ्यांनी कास पठार निवडावे. पश्चिम घाटाचा भाग म्हणून ते २०१२ पासून याच यादीत आहे.

कृपया वही सोबत आणावी.