आईच्या डाव्या पायाच्या तपासणीविषयी

तीर्थरूप आई-बाबा यांस,
सा. न. वि. वि.

आईच्या डाव्या पायाच्या सुजेचे कारण शोधायला लिम्फोसिन्टिग्राफी ही तपासणी येत्या मंगळवारी नागपूरला करायचे मी ठरवले असून वेळही घेतली आहे. आधी विचारले असते, तर ‘धानकापणी झाल्यावर बघू’ हेच उत्तर आले असते, आणि कापणीमागून मळणी असतेच.

बाबा, डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, शिरांत गुठळी दिसली नाही आणि रात्री घेतलेल्या रक्तात हत्तीरोगाचे जंतू सापडले नाहीत, हे तुमचे म्हणणे खरे आहे. परंतु जंतू कधीकाळी येऊन मरून गेले, तरी त्यांनी बिघडवलेल्या लसीकावाहिन्या, म्हणजे अंगातले जादा पाणी (लसीका) वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, तशाच राहतात आणि तो बिघाड रक्तात दिसत नाही. या तपासणीत बोटांच्या बेचक्यात, कातडीतच, टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सारी पदार्थ जोडलेल्या सूक्ष्म कणांचे थेंबभर औषध टोचतात आणि ते कण लसीकेबरोबर वर कसे चढतात, हे गॅमा कॅमेरा टिपतो. निरोगी पायात ते साधारण तासाभरात जांघेतल्या गाठींपर्यंत पोहोचतात. वाट अडली असेल, तर पाट तुंबल्यावर पाणी बांधीभर पसरावे तसे ते कातडीत पसरलेले दिसतात. सूज लसीकेची ठरली, तर पट्ट्या बांधणे आणि कातडी जपणे कायमचे मागे लागेल. एवढे व्रत नुसत्या अंदाजावर तिच्या गळ्यात घालणे मला पटत नाही.

आई, उजव्या पायालाही टोचतील, कारण तुलनेला चांगला पाय लागतो. टोचताना काही क्षण चांगलेच झोंबते, हे मी लपवत नाही. बाभळीचा काटा काढताना माझे पाऊल मांडीवर घेऊन तू सुईपेक्षा फुंकरच जास्त घालायचीस आणि तरी मी गल्ली डोक्यावर घ्यायचे. तूही खुशाल ओरड. कंबरेच्या वेळी घाबरवणारे ते बोगद्याचे यंत्र इथे नाही, कॅमेरा स्वतः किरण सोडत नाही आणि उपाशीही राहायचे नाही. औषधातल्या किरणांचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला सोळावा हिस्साच उरतो. तेव्हा लहानग्या ओजसला कधी जवळ घ्यायचे, हे डॉक्टरांना विचारून मीच सांगेन; तोवर हट्ट करायचा नाही.

डाव्या पायातले जोडवे रुतून खोल वळ पडला आहे, हे मी पोळ्याला पाहिले. टोचायची जागा त्याला लागूनच, अंगठ्याशेजारच्या बेचक्यात असते, म्हणून दोन्ही पायांतली जोडवी काढावी लागतील. साबण लावून निघाले नाही, तर सोनाराकडून कापून घ्या, पण ओढू नका. कातडी फाटली, तर गेल्या पावसाळ्यासारखा पाय लाल होऊन पुन्हा ताप भरेल. आणि आई, त्यात अशुभ काही नाही, बाबा समोर धडधाकट बसले आहेत.

बाबा, डॉपलरचे कागद आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटे बरोबर आणा. आदल्या दिवशीच दुपारच्या बसने निघा. तुमची खाट खिडकीपाशीच घातली आहे. शेजारच्या काकांना सोबतीला पाठवू नका, तुम्हीच या. दोन चित्रांच्या मधल्या वेळात तिला चालवायचे असते, आणि ती माझ्यापेक्षा तुमचे जास्त ऐकते.

तुमची,
वर्षा