चिऊ, ती रोपं काढू नकोस

प्रिय चिऊ,

काल व्हिडिओ कॉलवर तू म्हणालीस, आई, मागच्या भिंतीजवळ तू लावलेली ती नुसती पानंच आहेत अजून, आता त्यावर ठिपके पण यायला लागलेत, काढून टाकू का सगळी आणि तिथे फरशी घालून घेऊ, पिल्लूला खेळायला जागा होईल. मी तेव्हा बघ तुला काय वाटतं ते म्हणाले आणि फोन ठेवला, पण रात्री झोप लागली नाही गं. म्हणून सकाळी उठल्या उठल्या टाईप करायला बसलेय. नको काढूस. ते हॉलीहॉक आहे आणि यावर्षी ते फुलणार आहे.

मी तुला नीट सांगितलंच नव्हतं बहुतेक. गेल्या वर्षी बाळंतपणाच्या धावपळीत कोण कुणाला फुलझाडांचं सांगणार, रात्रीची जागरणं, डिंकाचे लाडू, बाळाची अंघोळ, त्यात ती तुमची नर्स यायची वजन करायला. तेव्हा पिल्लू दुपारी झोपली की तूही झोपायचीस आणि मी मागचं दार उघडून पायरीवर बसायचे. एक दिवस कुंपणापलीकडून शेजारच्या आजी दिसल्या, त्यांच्या भिंतीला लागून माझ्या डोक्याच्या वर दोन हात गेलेलं झाड, खालपासून गडद मरून फुलं. मी नकळत मोठ्यांदा म्हणाले, हॉलीहॉक! त्यांना इतका आनंद झाला चिऊ, की त्या आत गेल्या आणि चहाच्या रिकाम्या डब्यात ठेवलेलं आदल्या वर्षीचं बी घेऊन आल्या. माझं इंग्रजी तुला माहितीये, त्यांचा उच्चार मला निम्मा कळत नव्हता, पण बोटांनी दाखवून दाखवून अर्धा तास बोललो आम्ही. बी चपटं असतं, बटणासारखं, आणि ती बटणं एकाला एक चिकटून गोल चळत लावल्यासारखी त्या बोंडात बसलेली असतात. जून महिना होता. मी भिंतीजवळची माती उकरून बी टाकलं.

आता गंमत अशी की आपल्याकडे हे बी ऑक्टोबरात टाकलं की फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलं येतात, ऊन कडक झालं की झाड वाळून जातं, एका हंगामात सगळं संपतं. तुमच्याकडे इंग्लंडात तसं नाही. तिकडे जूनमध्ये पेरलं तर त्या वर्षी फक्त जमिनीलगत मोठी खरखरीत पानं येतात, बस्स, बाकी सगळं काम मूळ करतं खाली. मग थंडी जाते, आणि दुसऱ्या वर्षी मधून दांडा निघतो तो सहा-सात फूट वर. म्हणून तुला वाटतंय काही होत नाहीये. मे संपता संपता रोज बघ, मधला कोंब वर येताना दिसेल.

ठिपक्यांचं सांगते. पान उलटं करून बघ, खालच्या बाजूला नारिंगी-तपकिरी बारीक फोड आले असतील. तो तांबेरा. गव्हावर पडतो ना, त्याच कुळातली बुरशी, पक्सिनिया, फक्त गव्हाची जात वेगळी आणि याची वेगळी, ही हॉलीहॉकवर आणि त्याच्या भाऊबंदांवरच जगते. शाळेत मुलांना मी तांबेरा शिकवला पंचवीस वर्षं, पण हॉलीहॉकवरचा इतका जवळून तुझ्याकडेच पहिल्यांदा पाहिला, शेजारच्या आजींच्या झाडावर. घाबरू नकोस, त्याने झाड लगेच मरत नाही. खालची ठिपकेवाली पानं खुडून टाक, पण कंपोस्टमध्ये टाकू नको, कचऱ्याच्या डब्यात टाक. पाणी पानांवर मारू नको, बुडाशी घाल. आणि दोन रोपांमध्ये हात-दीड हात अंतर हवं, हवा खेळली पाहिजे. मी दाट पेरलं होतं, तेव्हा मधली बारकी रोपं जमिनीच्या वर कात्रीने कापून टाक. उपटू नको, शेजारच्याचं मूळ हलतं.

आपण त्या रविवारी पिल्लूला घेऊन सॅफ्रन वॉल्डनला गेलो होतो ना, तिथे एकोणिसाव्या शतकात विल्यम चेटर नावाचा नर्सरीवाला होता, त्याने डबल हॉलीहॉक करण्यात आयुष्य घातलं, म्हणजे पाकळ्यांनी गच्च भरलेलं, आपल्या गोंड्यासारखं फूल. आजही बियांच्या पाकिटावर चेटर्स डबल असं छापलेलं असतं. आणि मग 1873 मध्ये हा तांबेरा इंग्लंडात पोचला, मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि जिथे जिथे एकच झाड गर्दीने लावलं होतं तिथे त्याने धुमाकूळ घातला. आयुष्यभराचं काम पानापानाने जाताना बघायचं म्हणजे काय झालं असेल त्या माणसाचं, मला खरंच फार वाईट वाटतं ते आठवलं की. मला डबल फूल तेवढं आवडत नाही पण. साधं पाच पाकळ्यांचंच बघ, मधला तो दांडा, त्यावर पिवळट पराग. जास्वंदीसारखाच असतो, भेंडीच्या फुलात पण असतो, कापसाच्या पण, सगळी एकाच घरातली भावंडं. भुंगे आत शिरतात आणि बाहेर येतात ते पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन. पिल्लूला दाखव ते. लांबून दाखव.

मला या फुलाचं एवढं का, तर तुझ्या आजीमुळे. दौंडला रेल्वे क्वार्टरमध्ये होतो आम्ही, नाना स्टेशनात होते, आणि आई दर थंडीत फाटकाच्या दोन्ही बाजूंना हे लावायची. माळी त्याला गुलखैरा म्हणायचे. गुलाबी, पांढरी, लाल, आणि एक जवळजवळ काळा. आम्ही बहिणी उमललेलं फूल उलटं धरून त्याचा परकर करायचो, वर काडी खोचून कळीचं डोकं, ओळीने बाहुल्या लावायच्या ओट्यावर. आई एरवी फुलाला हात लावू द्यायची नाही, पण गुलखैऱ्याची दोन-दोन मिळायची, कारण रोज नवीन उमलायची.

मी सातवीत असताना नानांची बदली झाली, जानेवारीत, दांडे वर आलेले, कळ्या धरलेल्या. सामान ट्रकवर चढत होतं आणि आई खुरपं घेऊन फाटकाशी. तिने त्या काळ्याचं एक रोप खणून डालड्याच्या डब्यात घातलं, सोबत न्यायचं म्हणून. पण याचं सोटमूळ असतं, खोल जातं, ते अर्ध्यात तुटलं. गाडीत मनमाडपर्यंत डबा तिच्या मांडीवर होता. तिसऱ्या दिवशी पानं लोंबली. आईने काही बोलून दाखवलं नाही पण नंतरच्या घरात तिने गुलखैरा लावला नाही कधीच, झेंडू लावला, बाल्सम लावला, हे नाही. मी पण लावला नव्हता, पुण्यात फ्लॅटमध्ये कुंडीत तो येत नाही नीट, मुळाला जागाच पुरत नाही. पन्नास वर्षांनी मी ते बी मातीत टाकलं ते तुझ्या दारात. म्हणून सांगतेय, दुसरीकडे हलवू म्हणून पण खणू नको. जिथे आहे तिथेच राहू दे, फरशी पुढच्या वर्षी घाला, नाहीतर तेवढी एक फूटभर पट्टी सोडून घाला, जावयांना मी सांगते हवं तर.

बाकी काम थोडंच आहे. कोवळ्या कोंबाला ती शेंबडी गोगलगाय खाते, रात्री पाऊस पडून गेला की टॉर्च घेऊन एकदा बघून ये. दांडा कमरेएवढा झाला की बांबूची काठी लावून सैल बांध, तुमच्याकडचा वारा मी पाहिलाय. खत वगैरे काही नको. आणि रंग मरूनच येईल असं समजू नकोस, मधमाश्या कुठला कुठला पराग आणून घालतात, बी आईसारखं निघतंच असं नाही. गुलाबी येईल, पिवळा येईल, काय येईल ते पहिलं फूल उघडेपर्यंत कळायचं नाही. मला तर रोज तोच विचार येतोय की काळा येतो की काय.

माझं तिकीट बाबांनी बघून ठेवलंय, जुलैच्या शेवटच्या आठवड्याचं. हे झाड खालून वर उमलत जातं, एकदम सगळं नाही, महिना-दीड महिना चालतं. जपानमध्ये म्हणे पावसाळा लागताना याचं खालचं फूल उघडतं आणि शेंड्याचं उघडलं की पाऊस संपला असं म्हणतात लोक. तेव्हा खालच्या फुलांचे फोटो रोज पाठव, सकाळच्या उजेडात काढ, आणि पिल्लूला शेजारी उभं करून काढ म्हणजे उंची कळेल. शेजारच्या आजींना पण सांग मी येतेय.

शेंड्याकडची मी आल्यावर बघते.

तुझी,
आई