डेटा गोळा केला, आता सांभाळणार कोण?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहा हजार भारतीयांच्या जीनोमवरचा, म्हणजे त्यांच्या संपूर्ण जनुकीय माहितीवरचा, तुमचा कालचा लेख वाचला. वाचला म्हणजे अर्धाच, कारण 'उर्वरित मजकूर पान ७ वर' असं छापून पान ७ वर तुम्ही सोफासेटची अख्ख्या पानाची जाहिरात टाकलीय. असो. जेवढं हाती लागलं तेवढ्यात खजिना, क्रांती, ऐतिहासिक सगळं आलं, पण हा डेटा पुढची वीस वर्षं अपडेट कोण ठेवणार, चुकलेलं दुरुस्त कोण करणार, याबद्दल एक ओळ नाही.

मी एवढा का चिडलोय ते सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीला ब्रेस्ट कॅन्सर झाला तेव्हा डॉक्टरांनी जीन टेस्ट करायला सांगितली. एका मोठ्या लॅबचा रिपोर्ट आला, की ब्रेस्ट आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी संबंधित बीआरसीए२ जीनमध्ये एक बदल सापडलाय पण तो धोक्याचा की निरुपद्रवी ते सांगता येत नाही. 'अनसर्टन सिग्निफिकन्स' म्हणे. नातेवाइकांनी त्यातलं फक्त 'बदल सापडला' एवढंच ऐकलं. भाचीचं लग्न जुळत होतं, मुलाकडच्यांनी 'विचार करून कळवतो' म्हणून जो फोन ठेवला तो ठेवलाच, आणि एका काकांनी तर सांगितलं की दोघींची अंडाशयं आत्ताच काढून टाका, काका बँकेतून रिटायर झालेत. अशा अनिश्चित बदलावरून ऑपरेशन ठरवायचं नसतं हे रिपोर्टच्या शेवटच्या पानावर बारीक टायपात होतं, तिथपर्यंत कोण जातंय!

पुढे मुंबईच्या एका डॉक्टरबाईंनी आमच्यासमोर क्लिनव्हार उघडून दाखवलं. हा अमेरिकन सरकारचा खुला डेटाबेस, २०१३ पासून चालू, कुणीही फुकट बघावा. वेगवेगळ्या लॅब आपापला निष्कर्ष तिथे टाकतात, दोन लॅबचं एकमेकींशी पटलं नाही तर तेही दिसतं. बहिणीचा तोच बदल तिथे आता 'बिनाइन', म्हणजे निरुपद्रवी! कारण काय, तर आपल्या भागातल्या धडधाकट लोकांतही तो बऱ्यापैकी सापडतो, आणि जे इतकं कॉमन आहे ते एवढ्या मोठ्या रोगाचं कारण कसं असेल. आधी तुलना मुख्यतः युरोपियन वंशाच्या लोकांशीच व्हायची. २०१६ साली एक्झॅक या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा ६०,७०६ लोकांच्या जीन्सचा डेटा छापून आला त्यात दक्षिण आशियातले आठ हजारांच्या वर होते, तेव्हा कुठे अशा बऱ्याच गोष्टींवर उजेड पडायला लागला.

लॅबला फोन केला तर उत्तर मिळालं, 'सर, उस डेट में रिपोर्ट करेक्ट ही थी.' वा! म्हणजे तारीख करेक्ट, बहिणीची झोप गेली ती गेली.

आमचं इंदूर स्वच्छतेत पहिलं येतं ते रोज सकाळी दारात कचरागाडी येते म्हणून, उद्घाटनाच्या दिवशी मंत्र्यांनी झाडू मारला म्हणून नव्हे. डेटाबेसचं तेच. जीडब्ल्यूएएस कॅटलॉग हा असाच खुला डेटाबेस २००८ पासून टिकलाय कारण तिथे पगारी माणसं बसून एकेक शोधनिबंध वाचतात आणि कोणत्या बदलाचा कोणत्या आजाराशी संबंध सापडला ते नोंदवतात. अमेरिकेतलाच तशाच कामाचा जेनेटिक असोसिएशन डेटाबेस २०१४ मध्ये गोठला, पुढे नवी नोंद नाही. या कामाला ना पुरस्कार ना बातमी, मग ग्रँट कोण देणार. आणि खासगी कंपन्यांचं तर विचारूच नका, मिरियाड या अमेरिकन जीन टेस्ट कंपनीने बीआरसीए जीन्सचे आपले निष्कर्ष सार्वजनिक यादीला देणं २००४ मध्येच बंद केलं होतं, धंद्याचा माल म्हणून. आपल्या लॅबवाल्यांचे निष्कर्ष कुठे जातात हे तुमच्या वार्ताहरांनी एकदा तरी विचारलंय का?

जानेवारी २०२५ मध्ये आपला दहा हजारांचा डेटा संशोधकांसाठी खुला झाला, फरीदाबादच्या केंद्रात ठेवलाय, छानच झालं, मनापासून अभिनंदन. पण पुढचा लेख छापाल तेव्हा तिथे नोंदी तपासायला किती माणसं आहेत, त्यांचा पगार कुठल्या वर्षापर्यंत मंजूर आहे, आणि एखादा निष्कर्ष बदलला तर जुन्या पेशंटला कळवणं कुणाची जबाबदारी, एवढं विचारून छापा. दहा हजारांचा आकडा पाठ झालाय आमचा.

बाकी, बहिणीला सुधारित रिपोर्ट हवा असेल तर लॅबवाले पुन्हा पूर्ण फी मागतायत. रक्त नवं घेणार नाहीत, जुनाच डेटा पुन्हा बघणार, फी मात्र नवी.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर