घड्याळाकडे न पाहता बोलता यावे म्हणून

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

बाबा, तुम्ही पाठवलेला फोनच्या बिलाचा फोटो मी ओळ न् ओळ वाचला. त्यातली बहुतेक रक्कम मला लावलेल्या परदेशी कॉलचीच आहे. घरात वाय-फाय चालू आहे म्हणजे फोन आपोआप इंटरनेटवरूनच लागतो, असा तुमचा समज झाला होता. तो मी वेळीच दूर करायला हवा होता. फोनच्या नेहमीच्या हिरव्या बटणावरून नंबर लावला, की तो साधा कॉल ठरतो आणि टेलिफोन कंपनी त्याचे मिनिटागणिक पैसे लावते. इंटरनेटवरून बोलायचे असेल तर आधी व्हॉट्सअ‍ॅप उघडून त्यात माझे नाव काढावे आणि तिथलेच फोनचे चिन्ह दाबावे. दोन्ही ठिकाणची चिन्हे इतकी सारखी आहेत की कुणाचीही गल्लत व्हावी, त्यामुळे या बिलाबद्दल तुम्ही स्वतःला मुळीच दोष देऊ नका.

‘फुकट ते किती दिवस?’ ही तुमची शंका रास्त आहे, म्हणून त्यामागची रीत थोडी सविस्तर लिहिते. पूर्वी ट्रंक कॉल लागला की दोघांच्या मधली एक संपूर्ण वाट बोलणे संपेपर्यंत अडवून ठेवली जाई. दोघेही गप्प बसले तरी ती दुसऱ्या कुणाला मिळत नसे, आणि सीमेपलीकडची कंपनी कॉल पोहोचवण्याचा आपला वाटा मागत असे. तो वाटा परदेशी कॉलच्या दरात आजही असतो. इंटरनेटवर मात्र आपल्या आवाजाचे आकडे होतात, साधारणपणे दर २० मिलिसेकंदांच्या बोलण्याचे एक लहानसे पुडके बांधले जाते, त्यावर पत्ता लिहिला जातो आणि इतर हजारो पुडक्यांच्या गर्दीतून ते पुढे जाते. पलीकडे ही सगळी पुडकी ओळीने लावून पुन्हा आवाज तयार होतो. ब्रॉडबँडचे पैसे तुम्ही दरमहा भरताच. त्या जोडणीवरून आलेले पुडके शेजारच्या घरी जाते की समुद्रापार, यावर आकार ठरत नाही. ही सोय कालपरवाची नव्हे, १९९५ मध्येच संगणकावरून असे बोलण्याचे सॉफ्टवेअर विकायला आले होते, स्काइप २००३ मध्ये आले आणि व्हॉट्सअ‍ॅपवर बोलण्याची सोय २०१५ मध्ये झाली. डेटाही फार लागत नाही. नुसत्या आवाजाच्या कॉलला मिनिटाला सुमारे अर्धा ते एक एमबी पुरतो, म्हणजे अर्धा तास बोललो तरी तीस एमबीच्या आतच काम होते. चेहरा पाहत बोलायचे तर मात्र डेटा कितीतरी पटींनी जास्त जातो. तो कॉल घरच्या वाय-फायवरूनच करावा. प्रवासात परदेशी रोमिंगवर असताना तर हे सारे गणितच उलटे होते आणि इंटरनेटचा कॉल साध्या कॉलपेक्षाही महाग पडू शकतो, म्हणून तेव्हा मोबाइल डेटा बंद ठेवावा.

आई, माझा आवाज तुटतो अशी तुझी तक्रार आहे. तू आतल्या खोलीतून बोलतेस तेव्हा मधल्या भिंतींमुळे वाय-फाय क्षीण होते आणि काही पुडकी वाटेतच हरवतात किंवा उशिरा येतात. राउटर ज्या खोलीत आहे तिथे बसून बोलून पाहा. आवाज पोहोचायला १५० मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागू लागला की दोघे एकदम बोलू लागतात आणि दोघेही थांबतात. आपले नेमके हेच होते, तेव्हा माझे वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून बोलत जा.

साधा फोन मात्र बंद करू नका. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि त्याच्यासोबत हे कॉलही. जुन्या तारेच्या फोनला एक्सचेंजकडूनच वीज मिळत असे, त्यामुळे तो अंधारातही चालायचा. डॉक्टर, रुग्णवाहिका किंवा पोलीस यांना नेहमी साध्या कॉलनेच बोलवावे. आणखी एक गोष्ट मी अगदी हात जोडून सांगते. मेसेजवर आलेला सहा आकडी कोड कुणीही मागितला, अगदी माझे नाव सांगून मागितला, तरी देऊ नका. तो मिळाला की तुमचे व्हॉट्सअ‍ॅप त्या माणसाच्या हाती जाते. मी तो कधीच मागणार नाही.

येत्या रविवारी मी फोन करणार नाही. बाबा, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप उघडून मला लावा. चुकून साधा कॉल आला तर मी तो न उचलता कापेन, म्हणजे पैसे लागणार नाहीत आणि तुम्हाला पुन्हा लावून पाहता येईल. आणि आई, आजोबांच्या सायकलची गोष्ट गेल्या वेळी ‘मिनिटे वाढतायत’ म्हणून तू उतारावरच सोडलीस. ती तिथूनच पुढे सांग.

तुमची लेक