किट संपले, पण जंतू गेला का?

संपादक महोदय,

नौपाड्यात माझे मेडिकल आहे. ॲसिडिटीच्या गोळ्या नेणाऱ्यांपैकी काहींच्या चिठ्ठीवर हल्ली एच. पायलोरी या पोटातल्या जंतूवरचा कोर्स असतो. मार्शल आणि वॉरन या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांना २००५ चे नोबेल मिळाले ते याच जंतूमुळे. अल्सरला आपण मिरचीला बोल लावतो. खरे गुन्हेगार हा जंतू आणि पेनकिलर गोळ्या.

कोर्स मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक तयार किट: ॲसिडिटीची गोळी, अमॉक्सिसिलिन, क्लॅरिथ्रोमायसिन. दुसरा चार औषधांचा: ॲसिडिटीची गोळी, बिस्मथ, टेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल. किट सुटसुटीत, म्हणून तेच खपते (दुकानदार म्हणून मलाही ते बरे पडते). पण त्यातल्या क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकची धार आपणच घालवत आणली आहे. त्याच्याच कुळातले ॲझिथ्रोमायसिन साध्या खोकल्याला, चिठ्ठीशिवाय मागणारे रोज काउंटरवर उभे असतात. एकाला निर्ढावलेला जंतू दुसऱ्यालाही दाद देत नाही. असे जंतू १५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे हे किट डोळे मिटून देऊ नये, असे युरोपातले तज्ज्ञ केव्हापासून सांगताहेत. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांनीही चार औषधांच्या १४ दिवसांच्या कोर्सलाच पहिली पसंती दिली. जुलाबावर सर्रास घेतल्याने मेट्रोनिडाझोलही आपल्याकडे बोथट झाले आहे, पण बिस्मथच्या जोडीने, पूर्ण डोसात, १४ दिवस दिले तर निभावते.

ते १४ दिवस लोक काढत नाहीत. तोंडाला सतत धातूची चव. बिस्मथने संडास काळी होते, की रक्त पडतेय म्हणून घरचे घाबरतात. त्यात टेट्रासायक्लिन दुधाबरोबर घेतले तर अंगी लागत नाही, आणि जळजळ होते म्हणून थंड दूध पिणारी मंडळी नेमकी हीच! मी पाकिटावर मार्करने ‘दूध नको’ लिहून देते.

पण तीन औषधे की चार, या वादाला अर्थ यायचा तर कोर्सनंतर जंतू गेला का, हे बघायला हवे. ते फारच थोडे बघतात. कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी, ॲसिडिटीची गोळी दोन आठवडे बंद ठेवून, श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असते. त्याऐवजी लोक रक्तातल्या अँटिबॉडी तपासतात. जंतू गेल्यावरही ती तपासणी कित्येक महिने पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग त्याच किटची दुसरी फेरी.

महापालिकेने कळव्याच्या रुग्णालयात शौचाची ही तपासणी स्वस्तात करावी आणि कुठल्या कोर्सने किती जण बरे झाले याचे आकडे दरवर्षी जाहीर करावेत. खासगी डॉक्टरांना एवढीच विनंती, की कोर्सच्या खालीच तपासणीची तारीख लिहा. आठवण आम्ही करू. होम डिलिव्हरीमुळे फोन नंबर आमच्याकडे असतातच.

– एक फार्मासिस्ट, नौपाडा, ठाणे